खिळेमामाची रेघ

विद्यापीठाच्या दृश्यकला विभागात प्रदर्शन लागायचं म्हटलं की आधी खिळेमामाला अनवाणी उभं करायचं, अशी तिथली रीत. तो चपला दाराबाहेर काढायचा, गॅलरीच्या डावीकडच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा आणि कानावरची पेन्सिल काढून डोळ्यांच्या बरोबर समोर एक ठिपका द्यायचा. ठिपक्यावर खिळा. मग पाण्याची नळी लावून तीच पातळी समोरच्या कोपऱ्यात न्यायची, तिथं दुसरा खिळा, आणि दोन्हींच्या मधे सुतळी ताणायची. त्या सुतळीवर प्रत्येक चित्राचा मध्य बसवायचा. चित्र टिकलीएवढं असो नाहीतर दाराएवढं, मध्य सुतळीवर.

ही रीत विभाग सुरू करणाऱ्या थोरल्या सरांनी पाडली होती. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी कुणी म्हणे चित्रं वर लावा, कुणी म्हणे खाली लावा. सरांचं डोकं फिरलं. समोर हातोडी घेऊन नवा शिपाई उभा होता, पंचविशीचा, काठीसारखा सरळ. सर म्हणाले, "भांडू नका. ह्याच्या डोळ्यासमोर येईल तिथं लावा. ह्याला दिसलं म्हणजे जगाला दिसलं." तेव्हापासून बत्तीस वर्षं रेघ मामाची. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

घरी मामा एकटा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. ती प्रत्येक उद्घाटनाला यायची. चित्रातलं तिला काडीचं कळायचं नाही, पण तुझी रांग बघायला येते म्हणायची. जाताना पाठीत मणक्यावर एक बोट टोचायची, "सरळ उभं राहा. तुझ्यावर अख्खी भिंत मोजतात." मुलगी लांब दिली होती. रविवारी तिचा फोन यायचा. जेवलास का, गोळी घेतलीस का आणि ठेवू का, एवढ्या तीन प्रश्नांत रविवार आटपायचा.

त्या वर्षी प्रदर्शनांचं काम नव्या मॅडमकडं आलं. विशी-पंचविशीत कळत नाही आणि पन्नाशीत सुचत नाही ते सगळं त्यांना पस्तिशीतच सुचत होतं. त्यांनी ठरवलं की विभागात आजवर झालेल्या प्रदर्शनांचंच एक प्रदर्शन करायचं. कपाटांतून जुने फोटो काढले, मोठे करून घेतले आणि टेबलावर वर्षावार मांडले. दोन विद्यार्थिनी फोटोंवर झुकून तारखा लिहीत होत्या. त्यांतली एक एकदम थांबली.

"मॅडम, हा स्विचबोर्ड बघा. पहिल्या फोटोत चित्रांचा मध्य त्याच्या वरून जातोय. गेल्या वर्षीच्या फोटोत बोर्डाच्या पोटातून."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. मधले फोटो पाहिले. रेघ दरवर्षी इवलीइवली खाली आली होती.

"मामा, आपली गॅलरी खचतेय की काय?" दुसरी कोपऱ्यातल्या मामाकडं बघून हसत म्हणाली.

"भिंत वाढत असंल," चहा घेऊन आलेला कारकून म्हणाला. "आपला पगार सोडून सगळंच वाढतं इथं."

सगळे हसले. मामा हसला नाही. त्याची कानशिलं तापली.

"रेघ खाली येणं शक्य नाही," तो म्हणाला. "तोच कोपरा, तोच मी. फोटोवाल्यानं वाकडा काढला असंल."

"सगळेच फोटोवाले कसे वाकडे असतील, मामा?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "चुकीचं म्हणत नाही मी. पण ह्या वेळी लेझर लावू. लाल रेघ पडते भिंतीवर, कुणाला उभं राहायला नको."

मामानं पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा कानावर ठेवली. झाडू मारायला माणसं होती, दारावर बसायला माणूस होता, चहाला कारकून होता. ह्या इमारतीत त्याचं म्हणून जे काही होतं, ते ही रेघ होती.

सगळे जेवायला गेले तशी त्यानं पुट्टीची पट्टी घेतली आणि डावीकडचा कोपरा खरवडायला लागला. मॅडमना दाखवायचं होतं, बघा, सगळे खिळे एकाच जागी. बत्तीस वर्षांचा पांढरा रंग पापुद्र्यापापुद्र्यानं सुटला. प्रत्येक प्रदर्शनानंतर त्यानंच लिंपलेली भोकं एकेक करून उघडी पडली. ती एका जागी नव्हती. एकाखाली एक, मुंग्यांच्या रांगेसारखी उतरत आली होती. वरची वीस-बावीस एकमेकांना चिकटून होती. मग अंतर वाढत गेलं. शेवटची नऊ-दहा वर्षं तर भराभरा. तो समोर सरळ उभा राहिला, तर सर्वांत वरचं भोक त्याच्या कपाळाच्या मधोमध आलं.

तो तिथंच उकिडवा बसला. भिंत खचली नव्हती. फोटोवाले वाकडे नव्हते.

घरी जाऊन त्यानं दाराच्या चौकटीला पाठ लावली. नोकरीला लागताना सेवापुस्तकात उंची लिहिली होती ती पाठ होती, पाच फूट सात इंच. डोक्यावर पुस्तक आडवं धरलं आणि खालून सरकून बाहेर निघायला गेला, तर पुस्तक पायावर पडलं. दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदा पेन्सिलीची खूण कानाच्या मागं कुठंतरी उमटली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की माणसाला स्वतःची उंची एकट्यानं मोजता येत नाही. पट्टी धरायला दुसरा हात लागतो.

रविवार नव्हता, तरी त्यानं मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. मी वाकलोय का ग?"

"म्हणजे?"

"पाठीत. मागं आली होतीस तेव्हा वाकलेला दिसलो का?"

"आता दोन वर्षं झाली त्याला, बाबा. मला फोनवर कसं दिसणार?" मग जरा थांबून, "गोळी घेतलीस ना?"

"घेतली. ठेव."

दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आधीच तो कोपऱ्यात उभा होता. अनवाणी. मॅडमनी आधी खरवडलेली भिंत पाहिली, मग त्याच्याकडं.

"मॅडम, जरा पट्टी धरता का डोक्यावर?"

त्यांनी पर्स खाली ठेवली, टाचा उचलल्या आणि लोखंडी पट्टी त्याच्या डोक्यावर आडवी धरली. ती नीट बसावी म्हणून दुसऱ्या हातानं त्याचे केस दाबले. मामानं डोळे मिटले. नऊ वर्षांत त्याच्या डोक्याला न्हाव्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

मॅडमनी भिंतीवर खूण केली आणि टेप लावला. "पाच फूट पाच. थोडं कमीच."

"सात होतो," मामा म्हणाला. "कुणी सांगितलंच नाही."

मॅडम पट्टी हातात धरून उभ्या राहिल्या. "चूक तुमची नाही, मामा. तुम्ही बरोबरच लावत होता. फक्त..."

"फक्त मी खाली चाललो होतो, आणि पोरांची चित्रं बिचारी माझ्यामागं."

"मग आता कुठं लावायचं? तुम्ही सांगाल तिथं. आजच्या तुमच्या डोळ्यासमोर लावायचं असेल तर मी कुणाला काही बोलणार नाही."

मामानं भिंतीवरच्या भोकांच्या रांगेवरून बोट फिरवलं. खालच्या भोकापाशी ते रेंगाळलं. मग वर गेलं.

"लावा तुमचं लेझर. ह्या वरच्या भोकावर. सर म्हणाले होते जगाला दिसायला पाहिजे."

लाल रेघ पडली. ती त्याच्या कपाळावरून गेली. दोन दिवस त्यानं फोटो टांगले, एकेक मध्य रेघेवर आणला. रेघ अचूक होती, जराही हलली नाही. पाण्याची नळी त्यानं धुऊन, वाळवून, गुंडाळून कपाटात ठेवली.

उद्घाटनाला गर्दी झाली. भाषणं झाली, फीत कापली गेली. रांगेकडं कुणीच पाहिलं नाही, म्हणजे रांग चांगली लागली होती. मामा रांगेतल्या पहिल्याच फोटोपाशी उभा होता. पहिल्या प्रदर्शनाचा फोटो. भिंतीशी हातोडी घेतलेला एक पोरगेला माणूस, कानावर पेन्सिल.

एक पाहुण्या बाई शेजारी येऊन थांबल्या. "हा उंचसा कोण हो? खाली नाव नाही लिहिलेलं."

"होता एक," मामा म्हणाला. "खिळे मारायचा."

"आता नाही?"

"आता मशीन आलं."

बाई मान हलवून पुढं गेल्या. फोटोतल्या माणसाच्या नजरेला नजर द्यायची तर मामाला हनुवटी उचलावी लागत होती. त्यानं ती खाली घेतली. मान वर करून बघायचं नव्हतं त्याला, त्या माणसाकडं तरी नाही. त्यानं दोन्ही टाचा जुळवल्या, श्वास ओढला आणि पाठ ताणली. मणका कुरकुरला. रेघ जवळ आली, अर्धा इंच राहिली असेल. पाठीत जिथं बायकोचं बोट टोचायचं तिथं त्यानं सगळं लक्ष नेलं आणि थांबला.

मागं लोक बोलत होते, हसत होते, कपबशा वाजत होत्या. थोड्या वेळानं त्याचा श्वास सुटला, खांदे पुन्हा आपल्या जागी आले आणि डोळ्यांसमोर फोटोतल्या माणसाची हातोडी आली.