मामाच्या कॅसेटवरची मोटर

आमच्या धाकट्या मामाइतकी लाज मला जगात दुसऱ्या कुणी आणली नसेल. आणि लाज आणतानाही तो इतका प्रेमळ असायचा, की त्याच्यावर धड रागावता यायचं नाही. साखर कारखान्यात वायरमन, नोकरी पर्मनंट, वर दाराशी लूना. असा मामा कुणालाही मिरवावासा वाटावा. पण याला नाद लागला संगीताचा. तोही पेटी-तबल्याचा असता तर चालून गेलं असतं. याला आवडायचे यंत्रांचे आवाज. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतानाचा, भिगवण स्टेशनात मालगाडीचे डबे धडकतानाचा, पिठाच्या गिरणीचा. ते तो टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचा आणि जुन्या रेडिओंची आतडी काढून बनवलेल्या खोक्यातून त्यांना ताल द्यायचा. गिरणीवाल्याला म्हणायचा, पट्टा आवळू नका, सूर जातोय. मी बारामतीला कॉलेजात होतो तेव्हा एकदा स्टँडवर एसटीच्या इंजिनासमोर माइक धरून, डोळे मिटून उभा दिसला. बरोबरच्या मुली हसल्या. मीही हसलो, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. इंदापूरला मुलगी बघायला नेला, तर पोहे खाताना नजर वर पंख्याकडे. निघताना मुलीच्या बापाला सांगून आला, ह्या पंख्याला तेल तेवढं घालू नका. स्थळ तिथंच मोडलं.

मग नव्वदीच्या मध्यावर कधीतरी त्यानं जाहीर केलं, की नोकरी सोडून पुण्याला जाणार आणि हेच करणार. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी म्हणाले, "नातीच्या साखरपुड्याला माणसांपुढं वाजव. चार माणसं शेवटपर्यंत बसली तर जा. न्हाय तर ते खोकं भंगारात आन् तू ड्युटीवर."

आईचं माहेर आणि सासर दोन्ही शेळगावातच, त्यामुळं माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला शाळेच्या पटांगणात अख्खा गाव लोटला होता. दोन दिवस लाईटीचा पत्ता नव्हता, म्हणून शाळेमागं जनरेटर लावलेला. जेवणं चालू असताना मामानं कॅसेट सुरू केली. चारी कर्ण्यांतून आधी स्टार्टरचा खटका पडला आणि मग विहिरीवरची पाण्याची मोटर घरघरायला लागली.

पंगतीतून कुणीतरी म्हणालं, लाईट आली. झालं! ऊस वाळत आलेला, कोण कशाला थांबतंय? माणसं खरकट्या हातानं उठली आणि आपापल्या मोटरा चालू करायला रानाकडं पळाली. कळंबहून आलेले नवऱ्या मुलाचे चुलते सवयीनं कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून गेले, त्यांचं रान दहा कोस लांब असून. आणि सगळ्यांच्या पुढं, धोतर खोचून, आबा. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. नवऱ्या मुलाच्या आत्यानं विचारलं, हे तुमचे सख्खे मामा का? मी म्हणालो, सख्खेच, पण आमचं फारसं येणं-जाणं नाही.

सतरंजीवर एकटी आई उरली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली. मामानं कॅसेट मधेच बंद केली नाही, आणि ती संपेपर्यंत आई हलली नाही.

"अक्का, आवडलं?"

"न्हाय रं. मान वर करवंना मला. पर तू वाजवत हुतास, मग उठायचं कसं?"

तेवढ्यात आबा गुडघाभर धूळ घेऊन परतले. लाईट आलेलीच नव्हती. मामा चाचरत म्हणाला, ती टेपातली होती. आबांनी बोटानं खोकं ढोसलं.

"माझ्याच हिरीवरची व्हय?"

"व्हय."

"तरीच. बेअरिंग वाजतंय तिचं." मग धोतराची धूळ झटकत म्हणाले, "एकटीच बसली. पर बाकीचे पळाले ते तुझं ऐकूनच पळाले की. जा म्हनं."

मामा पुण्याला गेला. आता त्याचं ऐकायला पोरं तिकीट काढून येतात. तो पुण्याहून कॅसेटी पाठवायचा, आणि आई हयात असेपर्यंत प्रत्येक कॅसेट पदर ओढून शेवटपर्यंत ऐकायची. तिला एकही आवडली नाही. मला कदाचित आवडल्या असत्या. मी ऐकल्याच नाहीत.