नऊ ग्रॅमचा ताईत

काचेच्या कपाटाचा मधला खण अर्धाच रिकामा झाला होता. सहा कपबश्या जमिनीवर उतरल्या होत्या, सासूबाईंचा पितळी पानाचा डबा बुनरुअन मावशींच्या हातात होता आणि मागे अजून चिनी मातीचे दोन हत्ती उतरायचे होते. तेवढ्यात बाहेरून मोटारसायकलचा हॉर्न दोनदा वाजला.

"बुन! चल लवकर. तपासनीसच उशिरा आली तर गाड्या कोण तपासणार?"

"खण तुम्हीच रिकामा करायला सांगितलात ना, पी? करतेय."

"चषक वरच्या खणात मावत नाही. मी मापून आलोय."

"आधी जिंका तरी!"

"या वेळी गाडी माझ्याशी बोलतेय, बुन."

"गाडीचं बरं ऐकू येतं. मी सकाळपासून गॅसचं सिलिंडर संपलं म्हणून सांगतेय, ते नाही आलं ऐकू."

मावशींनी पानाचा डबा जमिनीवर ठेवला, देव्हाऱ्यातल्या बुद्धमूर्तीला हात जोडले, स्वयंपाकघरातला वजनकाटा टॉवेलात गुंडाळला आणि मोटारसायकलच्या बाजूला जोडलेल्या जोडगाडीत जाऊन बसल्या. काटा मांडीवर. दर रविवारी तो तसाच जातो, तान्ह्या बाळासारखा.

ताविन म्हणजे मावशींचे यजमान; वयाने मोठे, म्हणून थाई रीतीने त्या त्यांना 'पी' म्हणतात. नळाचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या नादाला लागले. थायलंडातल्या फेचबुरीत नऊ वर्षं शर्यतीत उतरताहेत. नऊ वर्षांत एकदाच तिसरे आले होते, पण त्या दिवशी पाऊस होता आणि मैदानात गाड्याच तीन होत्या.

शर्यतीचं मैदान विहारामागे, ताडाच्या झाडांत. जागा विहाराची, म्हणून उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी शर्यत नाही आणि शिव्या कुठल्याच दिवशी नाहीत. मावशी तिथे पहिल्यांदा गेल्या त्या भंतेंना अंड्याची खरवसासारखी मिठाई द्यायला. तेव्हा गाडीवाल्यांच्या क्लबात मोठा तंटा चालला होता. गाडीचं वजन दीड किलोहून कमी भरता कामा नये, हा नियम; हलकी गाडी जोरात पळते. पण जो तो आपला काटा घरून आणायचा, आणि प्रत्येक काटा आपल्या मालकाशी इमान राखून असायचा. क्लबाचे अध्यक्ष प्रयून गुरुजी, निवृत्त हेडमास्तर, वैतागून विहाराच्या स्वयंपाकघरात आले. तिथे मावशी ताडगूळ तोलत बसल्या होत्या, गुंजभरही इकडचं तिकडे होऊ न देता.

"या बाईंना शर्यतीतलं ओ का ठो कळत नाही," गुरुजी बाहेर येऊन म्हणाले. "यांच्याच काट्यावर मोजायचं."

मावशींनी कधी अर्धवट काम केलं नाही. काटा गेला तिथे त्या गेल्या, आणि नियमांची वही घरी घेऊन आल्या. तीन निरनिराळ्या अक्षरांत बेचाळीस नियम होते, त्यांतले चार एकमेकांच्या उलट. मावशी रोज रात्री वंदना झाली की आपल्या वहीत दिवसभराचं चार ओळींत लिहितात. त्याच वहीत त्यांनी ते नियम नव्याने उतरवून काढले. बारा राहिले.

"मावशी, तीस नियम गेले कुठे?" गुरुजींनी विचारलं.

"शीलं पाच आहेत, गुरुजी, आणि माणसाला ती पाचही झेपत नाहीत. गाडीला बेचाळीस कशाला?"

बारांतला सातवा मावशींचा स्वतःचा. शर्यत संपल्यापासून काट्यावर चढेपर्यंत गाडीत कुणी काही घालायचं नाही आणि गाडीतून काही काढायचं नाही. मागच्या वर्षी हाच नियम पंक्चरवाल्या चामलोंगच्या मानगुटीवर बसला. बिचाऱ्याने मावशींच्या टेबलावरचं स्वच्छ कापड मळू नये म्हणून गाडीची ओली माती पुसली आणि मगच गाडी पुढे ठेवली. काट्याने दोन ग्रॅम कमी दाखवले. माती पुसायच्या आधी वजन पुरेपूर होतं, हे मैदानातल्या कुत्र्यालाही कळत होतं. तरी मावशींनी त्याला बाद केलं, आणि वर कापडाची काळजी घेतली म्हणून मिठाईचा मोठा तुकडाही दिला. चामलोंगने मिठाई खाल्ली. बाद झाल्याचं मात्र त्याला अजून पचलेलं नाही.

त्या रविवारी वर्षाची शेवटची शर्यत. दहा गाड्या, सहा मिनिटं. गाडी उलटली तर सरळ करून द्यायला आधीच्या फेरीतले स्पर्धक वळणावळणावर उभे होते. तशी इथली रीतच आहे, आपली फेरी झाली की दुसऱ्याच्या गाड्या उचलायच्या. ताविनची गाडी एकदाही उलटली नाही. दातांचे डॉक्टर विरोत सारखे पाठीला लागले होते, पण शेवटच्या वळणावर त्यांची गाडी जरा बाहेर गेली आणि ताविन हातभर अंतराने पहिले आले. त्यांनी अशी आरोळी ठोकली की विहाराच्या छपरावरची कबुतरं उडाली. आंब्याखाली बसलेले मोठे भंते दचकून जागे झाले आणि झोपलोच नव्हतो अशा चेहऱ्याने पाहू लागले.

मावशींना टाळी वाजवावीशी वाटली. पण चेहरा त्यांनी काट्यासारखा ठेवला.

ताविन गाडी दोन्ही हातांवर घेऊन टेबलापाशी आले. तपासणीचा क्रम ठरलेला: आधी गाडी उलटी करून मोटरच्या पोटावरचं क्लबाचं सील पाहायचं, मग सरळ करून वजन. ताविननी गाडी उलटी करायच्या आधी वरचं कवच उचललं, आत चिकटवलेला बुद्धमूर्तीचा ताईत हळूच सोडवला, कपाळाला लावला आणि सदऱ्याच्या खिशात, छातीशी ठेवला.

मावशींना भरून आलं. पावसाळ्यात, वर्षावासाच्या पवित्र महिन्यांत, त्यांनी यावरूनच घर डोक्यावर घेतलं होतं. अंगणात ताविन गाडी उलटीपालटी करत होते आणि आत ताईत तसाच. "पी, भगवंतांना डोक्यावर उभं करता? लाज नाही वाटत?" असं त्या ओरडल्या होत्या. एवढ्या गर्दीत, जिंकल्याच्या धुंदीतही माणसाने ते लक्षात ठेवलं. चाळीस वर्षांच्या संसारात सांगितलेली एक गोष्ट शेवटी डोक्यात शिरली.

सील ठीक होतं. गाडी काट्यावर गेली.

चौदाशे चौऱ्याण्णव.

मावशींनी गाडी उचलली, काटा शून्यावर आणला, सोनाराकडून पारखून घेतलेलं एक किलोचं पितळी वजन ठेवून पाहिलं. बरोबर एक किलो. गाडी पुन्हा ठेवली. चौदाशे चौऱ्याण्णव. सहा ग्रॅम कमी.

"ताईत!" ताविन हसले. "अगं, ताईत माझ्या खिशात. ठेवतो परत, मोज."

खिशातून काढून त्यांनी तो कवचावर ठेवला. पंधराशे तीन. गर्दीतून सुटकेचा श्वास निघाला, आणि त्याच श्वासात मागून आवाज आला.

"मावशी. सातवा नियम."

चामलोंग हाताची घडी घालून उभा होता.

"अरे, मी काय चोरी केली?" ताविन चिडले. "वजन घातलं नाही, काढलं! काढून कुणी जिंकतं का?"

"मीही काढलंच होतं. माझी माती चालली नाही, मग तुमचे बुद्ध कसे चालतील?"

सगळ्या माना एकदम आंब्याकडे वळल्या. माती आणि बुद्ध एका वाक्यात आले होते, तेही भंतेंच्या देखत. चामलोंगच्याही ते ध्यानात आलं. त्याने घाईघाईने आंब्याच्या दिशेने तीनदा हात जोडले.

डॉक्टर विरोत पुढे झाले. "ताईत शर्यतभर आत होता, मावशी. सुरुवातीला यांनी त्याला हात जोडले ते मी शेजारूनच पाहिलं. माझं काही म्हणणं नाही."

गुरुजींनी घाम पुसला. "हा प्रश्न धर्माचा आहे. भंतेजींना विचारू या."

सगळी वरात आंब्याखाली गेली. भंतेंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, ताईत निरखून पाहिला, चांगला आहे म्हणाले. मग म्हणाले, "गाडीत काय असावं ते मला विचारू नका. मला सायकलही येत नाही. नियम कुणी लिहिला?"

सगळ्यांनी मावशींकडे बोट केलं.

"मग त्यांनाच विचारा," असं म्हणून भंतेंनी डोळे मिटले. या वेळी खरोखरच.

मावशी टेबलाशी परत आल्या. घरचा अर्धा रिकामा खण त्यांच्या डोळ्यांपुढे आला. हो म्हटलं तर नवरा नऊ वर्षांनी एकदा चषक घेऊन घरी येईल, आणि पुढच्या शर्यतीपासून जो तो आपला काटा घरून आणेल. नाही म्हटलं तर, ज्या गोष्टीसाठी घरी कान पिळला तीच ऐकली म्हणून त्याला इथे शिक्षा.

"ताईत आत होता, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "चामलोंगची मातीसुद्धा सगळ्यांना माहीत होती. ताविन बाद."

ताविननी बायकोकडे पाहिलं. मग खाली गाडीकडे. टोपी काढून डोकं खाजवत राहिले.

"चषक डॉक्टरांना," गुरुजी म्हणाले.

"छे छे, मला नको," डॉक्टर दोन पावलं मागे सरले. "भगवंतांना बाजूला सारून पहिला आलो असं होईल. पुढच्या जन्मी माझेच दात किडतील."

"मला चालेल," चामलोंग म्हणाला. "माझे या जन्मीच किडलेत."

"तू चौथा आलास रे!" गुरुजी खेकसले.

"डॉक्टर, नको म्हणायची सोय बारा नियमांत कुठेही नाही," मावशी म्हणाल्या. "घ्या मुकाट्याने."

डॉक्टरांनी चषक घेतला, तो ताविनपुढे झुकून घेतला. मग मावशींनी गुरुजींकडून पेन मागितलं आणि क्लबाच्या वहीत सगळ्यांसमोर लिहिलं: तपासणीचा क्रमच चुकीचा होता. चूक तपासनीसाची. यापुढे आधी वजन. मग ताईत असेल त्याने तो काढून डोक्यापेक्षा उंच जागी ठेवावा. मग गाडी उलटी करावी.

"आणि माती?" चामलोंगने विचारलं.

"माती वजनानंतर. आणि माझ्या कापडावर नाही."

"पण मावशी, आधी वजन, तर हे आजच का नाही लावत?" कुणीतरी मागून विचारलं.

"आज दहाही गाड्या जुन्या क्रमाने आल्या. माझ्या घरची गाडी हरली म्हणून क्रम दुपारी बदलला, असं माझ्या वहीत मला लिहायचं नाही."

घरी येताना ताविननी पूल ओलांडला. पुलापलीकडे त्यांनी गाडी जरा हळू केली.

"बुन, सहा ग्रॅम म्हणजे किती गं?"

"चमचाभर साखर."

"चमचाभर!"

"तुम्ही कॉफीत तीन घालता."

ताविन आधी नाकातून हसले, मग तोंडाने. जोडगाडीत काटा हिंदकळायला लागला तशा मावशी ओरडल्या, "समोर बघा!"

घरात कपबश्या जमिनीवर तशाच होत्या. मावशी खाली बसल्या आणि पहिली कपबशी परत खणात ठेवण्यासाठी उचलली. तेवढ्यात ताविन कपाटापाशी आले. मग त्यांनी चिनी मातीचे दोन्ही हत्ती उतरवले, मधल्या फळीखाली हात घातला आणि ती ओढून बाहेर काढली. सागवानी, चांगली दोन वीत रुंद.

"अहो, हे काय?"

"डोक्यापेक्षा उंच जागा लिहिलीस ना वहीत? मैदानात ती आहे कुठे? टेबलाशेजारच्या खांबाला ही ठोकू."

"आणि माझ्या कपबश्या?"

"वरच्या खणात. तिथे चषक मावत नव्हता, कपबश्या मावतात. मी मापून आलोय."

मावशींनी फळीवरून हात फिरवला, फुंकर मारून धूळ उडवली. फळी होती, ती टेकवायला घरात काही नव्हतं. दुकान सहाला बंद व्हायचं. त्यांनी पदरासारखा पंचा खांद्यावर टाकला, छत्री घेतली आणि पुलाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन लोखंडी ब्रॅकेट आणि चार स्क्रू आणायला निघाल्या.