जनूभाऊंचा पहिला पेला

संगीताचा फोन आला तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. "बाई, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. तीस वर्षं पोरांना गप्प बसा म्हणून दटावणारी मी काहीबाही बडबडत राहिले... कधी, कसे, जवळ कोण होतं. जे विचारायचं होतं ते मात्र विचारलं नाही. त्यांना कावीळ कुठल्या पाण्यातून झाली, हे तिला ठाऊक होतं का?

जनूभाऊ पोशीरचे. लावणी-कापणीला शेतात, एरवी कर्जतभर नळाची कामं. संगीता माझी विद्यार्थिनी, म्हणून तेही मला बाईच म्हणायचे. आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद कुणी घेईना आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं, तेव्हापासून आमचं बोलणं वाढलं. नळकामाच्या नियमांत पानभर लिहिलेलं असतं ते हा माणूस बोटांवर सांगायचा. टाकीतलं जास्तीचं पाणी बाहेर काढणारा पाईप गटाराला थेट जोडायचा नाही. मध्ये चार बोटं हवा राहिली पाहिजे. "खाचरातलं पाणी उताराला जातं, बाई. गटाराचा भरवसा नाय. तुंबलं की मागं फिरतं, आन् वाट मिळंल तिथं शिरतं." एका हळदीच्या जेवणात भांडी धुण्याच्या पिंपात नळाची नळी बुडालेली दिसली, तर हा पाहुणा जेवता जेवता उठला आणि उष्ट्या हातानं नळी बाहेर काढून आला. वरचं पाणी बंद झालं की ती नळी पिंपातलं खरकटं ओढून घेते आणि मग तेच सगळ्यांच्या नळाला येतं, हे त्यांनी आचाऱ्याला समजावलं. आचाऱ्याला ते वेडेच वाटले असणार. मलाही कधी कधी वाटायचे.

आणि त्यांचा तो पेला. काम संपलं की पिशवीतून संगीताचं नाव कोरलेला स्टीलचा पेला काढायचा, नळाखाली धरायचा आणि पहिलं पाणी स्वतः प्यायचं. "मी प्यालो, आता तुमी प्या." त्यांच्या कामाची हमी म्हणजे तेवढंच.

आमच्या जमिनीखालच्या टाकीचा पाईप त्यांनी असाच मोकळा ठेवला होता. पण त्यातून पार्किंगमध्ये पाणी सांडायचं, गाड्यांखाली चिखल व्हायचा. तक्रारी आल्या आणि आम्ही दुसऱ्या माणसाकडून तो सरळ गटाराच्या चेंबरला जोडून घेतला. कागदावर सही माझी. श्रावणात पंप जळाला म्हणून जनूभाऊ आले. नवा पंप बसवला आणि मग त्यांना तो जोड दिसला. चेंबर पावसानं काठोकाठ भरलेलं होतं. ते तिथं उकिडवे बसले आणि जोड चाचपून पाहिला. "बाई, ह्यो आजच कापू द्या." मी म्हटलं, गणपतीनंतर बघू, पाहुणे यायचेत, चिखल नको. त्यांनी हत्यारं भरली, पेला काढलाच नाही. भोवती सभासद उभे होते, कुणीतरी कुजबुजलं. मला ते बरं दिसेना. हसून म्हटलं, "जनूभाऊ, तुम्हीच प्यायला नाहीत तर लोक काय समजतील?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई म्हणतायत तर..." म्हणत पेला काढला, टाकीच्या नळाखाली भरला आणि एका दमात प्यायले. मी वर गेले आणि माझं नेहमीचं उकळून गार केलेलं पाणी घेतलं.

पुढं आमच्या सोसायटीतल्या दोन मुलांचे डोळे पिवळे झाले. ती बरी झाली. गौरी-विसर्जनाला जनूभाऊंचेही झाले. त्यांनी आधी गावातलं झाडपाल्याचं औषध घेतलं, दवाखाना फार उशिरा गाठला. डॉक्टर म्हणतात, दिवसाला दहा घरचं पाणी पिणारा माणूस, कुठूनही झाली असेल. असेलही. सगळे माझी तशीच समजूत काढतात, आणि मला स्वतःची लाज वाटते. मी भेटायला गेले तेव्हा हळदीसारख्या पिवळ्या पडलेल्या त्या माणसानं एकच विचारलं, "पाईप कापला का?"

मी हो म्हटलं. कापला नव्हता. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कापला.

तेराव्याला संगीतानं तो पेला माझ्या हातात ठेवला. "बाबांनी सांगितलं हुतं, बाईंनी पाईप कापलाय, पेला त्यांना दे." मला तेव्हाही खरं बोलवलं नाही. आज इथं लिहितेय, ती वाचेल.

हल्ली रोज सकाळी वॉचमन पाणी सोडण्याआधी मी खाली जाते. पाईपाखाली चार बोटं घालून बघते. मग टाकीच्या नळाखाली पेला धरते. पाणी नितळ दिसतं. त्या दिवशीही दिसत होतं. मी ते न उकळता पिते आणि मगच वॉचमनला म्हणते, सोड.