उण्यानंतरचं शून्य

विजयेंद्र पुन्हा उंबरठ्यावर उभा राहायला लागला आहे, आणि ते माझ्या मनातून जात नाही. लहानपणी एक पाय आत, एक बाहेर ठेवून तो विचारायचा, "आई, आता मी कुठे आहे?" मी म्हणायची, "जेवायला ये, मग सांगते." आता माझा मुलगा तिशी ओलांडलेला आहे. विचारत नाही. नुसता उभा असतो.

कुंभकोणमच्या एका छोट्या कंपनीत तो भातगिरण्यांच्या बॉयलरसाठी प्रोग्रॅम लिहितो. बाहेर तमिळ, घरात आमची मराठी, आणि दोन्हींत बोलणं कमीच. शेजाऱ्यांचे मिक्सर फुकट दुरुस्त करतो. लग्नाचं काढलं की कॉफीचा पेला घेऊन माडीवर जातो.

जवळच चोळपुरमला, कंपनीचं गिऱ्हाईक असलेल्या कल्याणरामच्या गिरणीत नवा बॉयलर बसलाय. दाबाचा काटा उशिरा हलतो, म्हणून विजयेंद्रचा प्रोग्रॅम दाब किती चढेल याचं गणित लहान लहान टप्प्यांनी आधीच करत जातो. मर्यादेच्या खाली असला तर उणे, वर गेला तर अधिक. उण्याचं अधिक झालं की आग बंद.

गेल्या आठवड्यात घरच्या कॉम्प्युटरवर त्याने ते चालवून पाहिलं. दाब मर्यादा ओलांडून गेला आणि आग बंद झाली नाही. प्रोग्रॅमच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

"असं कसं होईल?" मी विचारलं. मीही गणितात बी.एस्सी. केलेलं.

"शेवटचे आकडे कॉम्प्युटर सोडून देतो, आई. अगदी किंचित उणे होतं, त्याचं नेमकं शून्य झालं. उण्यानंतर शून्य, शून्यानंतर अधिक. उण्यावरून थेट अधिक झालंच नाही."

"मग शून्यही धर की."

"धरलं. पण गिरणीत जुनंच बसलंय."

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र जुन्याच प्रोग्रॅममध्ये तेच आकडे घातले की आग बरोबर बंद होते. त्याचे साहेब, गिरीश, हसले. "तुझ्या कॉम्प्युटरला दृष्ट लागलीय, लिंबू बांध." मग हसणं थांबवून म्हणाले, "बॉयलरच्या पूजेच्या तोंडावर गिऱ्हाइकाला घाबरवलंस तर परत येऊ नकोस."

काल संध्याकाळी मी कुकर लावला. विजयेंद्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दोघंही शिट्टीची वाट पाहत होतो.

"वाजली का गं?" त्याने विचारलं.

"नाही. तू ऐकलीस?"

"नाही."

मग करपल्याचा वास आला. भाताचा तळ काळा झाला होता. शिट्टी मी फुंकून पाहिली, स्वच्छ होती. रबरही नवं. जे व्हायचं ते आमच्या दोघांच्या समोरून होऊन गेलं होतं.

"बॉयलरला वर दाब वाढला की उघडणारी लोखंडी झडप असेल ना?" मी विचारलं.

"आहे. वाफ वाया जाते म्हणून तिच्यावर वजन ठेवलंय त्यांनी. मी काढायला सांगितलं. हो म्हणाले."

"आणि प्रोग्रॅमचं सांगितलंस त्यांना?"

"नोकरी जाईल. शिवाय, आई, माझंच चुकत असेल कदाचित."

उद्या सकाळी गिरणीत पूजा आहे. नवी आग डोळ्यांनी पाहावी म्हणून बायका मुलांना कडेवर घेऊन बॉयलरला खेटून उभ्या राहतात. कापूर लावायचा, कोहळा फोडायचा, मग आग. कल्याणराम परवा घरी येऊन सांगून गेला, "अक्का, पहिला कापूर तुम्हीच लावायचा."

हे लिहिताना खालचं दार वाजलं नाही, तरी वारा लागला. जिन्यावरून पाहिलं. दार उघडं आणि विजयेंद्र उंबरठ्यावर.

"आत ये रे," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. "मी बाहेर आहे का?"

मी खोलीत परत आले. त्याच्या नोकरीचं पुष्कळ वेळा तोलून पाहिलं, आणि दर वेळी डोळ्यांसमोर कडेवरची मुलं आली. कल्याणराम झोपला असेल. त्याला उठवते. वजन काढलंय का ते आधी विचारते, मग बाकीचं सगळं सांगते. आता फोन लावते.