कानाशी धरलेलं रीळ

आज शेजारच्या ग्रॅहमच्या गॅरेजमधून ग्रीसचा वास आला. तो मासेमारीचं रीळ उघडून साफ करत होता. बारा वर्षं झाली, त्याच्याकडे अजून तेच रीळ आहे. ते माझ्या बाबांनी निवडलेलं.

बाबा तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इथे परदेशात, लोअर हटला आले होते. ग्रॅहम, बाबा आणि मी रीळ घ्यायला दुकानात गेलो. मी फोनवर रिव्ह्यू वाचून पाच मिनिटांत रीळ घेतलं. ग्रॅहमने मात्र दोन रिळं बाबांपुढे धरली. बाबांची हयात भोसरीत गिअर कापण्यात गेलेली. त्यांनी डोळे मिटले, एकेक रीळ कानाशी नेऊन हँडल सावकाश फिरवलं, आतल्या गिअरांचा आवाज ऐकला आणि त्यातलं जड रीळ त्याच्या हातात ठेवलं. "धिस वन," म्हणाले. ग्रॅहमने पाठीवर थाप मारली तसे बाबा लाजून हसले. माझ्या कुठल्याच प्रमोशनला ते असे हसले नव्हते.

गाडीत मी घुश्शातच म्हणालो, "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

माझं रीळ खाऱ्या पाण्याने वर्षभरात जाम झालं. बाबाही आता नाहीत.

ग्रॅहमने रीळ पुन्हा जोडलं, डोळे मिटले आणि कानाशी धरून फिरवलं. माझ्या बाबांची लकब, आणि ती याने उचलली.