माळशेजच्या उतारावर बंद केलेलं इंजिन

आपली छोटी डिझेल गाडी थोड्या इंधनात पुष्कळ पळते. तरीही डिझेल वाचवायला तुमचे आजोबा माळशेज घाट उतरताना इंजिन बंद करून ती नुसती सोडून द्यायचे. एकदा मुरबाडकडे उतरताना ब्रेक एकदम कडक झाला, स्टिअरिंग जड झालं आणि वळणापुढे म्हशी उभ्या!

"अहो, चालू करा!" मी ओरडले. त्यांनी किल्ली फिरवून दुसरा गिअर टाकला. इंजिननं गाडी आवरून धरली आणि म्हशींच्या अलीकडे आम्ही थांबलो.

"गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की ही गाडी डिझेल घेतच नाही," मी म्हटलं.

"मग आधी नाय सांगायचंस गो?"

"दर घाटात सांगते."

उरलेला उतार ते दुसऱ्या गिअरमध्येच, माझ्याकडे न बघता उतरले.