जीपच्या काळ्या काचा

मी प्लास्टिकच्या छोट्या गाड्या बनवतो. आठवडाभर काल्हेरच्या गोडाऊनमध्ये माल चढवून-उतरवून घ्यायचा आणि रविवारी खिडकीत बसून तळहाताएवढ्या गाडीच्या इंडिकेटरला नारिंगी नि मागच्या दिव्याला लाल रंग चढवायचा, हा माझा छंद. हा रंग पारदर्शक असतो. पातळ करून द्यायचा, एक हात वाळल्यावरच दुसरा. घाई केली की ओघळ येतो. बायको म्हणते, एवढं प्रेम घराच्या भिंतींना मिळालं असतं तर बरं झालं असतं. तिचं काही चुकत नाही.

माझे वडील अंबाडी ते भिवंडी काळीपिवळी जीप चालवायचे. जीप भंगारात गेली आणि पाठोपाठ त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. भर पावसात खड्ड्यांतून जीप काढणारा हा माणूस, पण डॉक्टरचं नाव काढलं की शेतावर निघून जायचा. कसेबसे एका डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाले, तेही अट घालून. हा डोळा नीट झाला तरच दुसरा. म्हटलं, पट्टी निघाली की त्यांच्या हातात त्यांचीच जीप छोटी करून ठेवू.

जीप झकास जमत होती. नंबर, टपाचा पिवळा रंग, बंपरला पडलेला पोचासुद्धा हुबेहूब उतरवला. मग मी माती खाल्ली. समोरची काच पांढऱ्या गमाने बसवायची असते. मी घाईत झटपट चिकटणारा गम लावला. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर चढते, हे या छंदातल्या नवख्यालाही माहीत असतं. सकाळी बघतो तर काचेलाच मोतीबिंदू झालेला.

दुसरी काच मिळायला महिना गेला असता. मी पारदर्शक काळा रंग काढला आणि सगळ्या काचांवर हातावर हात देत गेलो. पांढरेपणा झाकला गेला. आतलं काहीच दिसेना, तेव्हा आतल्या सीटही बसवल्या नाहीत. कोण बघणार होतं? छंदवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर काचांचंच कौतुक झालं, आणि मी ते बिनदिक्कत घेतलं.

पट्टी निघाल्यावर गावी ओटीवर सगळे जमलो होतो. वडिलांनी काळा चष्मा काढला, ऑपरेशन न झालेला डोळा तळहाताने झाकला आणि जीप उजेडाकडे धरली.

"बाहेरचा समदा दिसतं," ते म्हणाले. "आतला काय न्हाय दिसत. काचा साफ हायेत ना रे?"

शेजारी मेहुणा उभा होता, जीपची तारीफ करत. त्याच्यासमोर माझी फजिती मला नको होती.

"साफ आहेत, बाबा," मी म्हणालो.

काळीपिवळीला काळ्या काचा कोणी लावत नाही. त्यामुळे काच काळी असेल हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. त्यांनी जीप हळूच खाली ठेवली.

आठ दिवसांनी गोडाऊनमध्ये आईचा फोन आला. "दुसऱ्या डोल्याला हात लावू देनार न्हाय बोलतात. डॉक्टर बोलला डोला चांगला हाय, तर त्याच्याशीच भांडून आले."

"बाकीचं दिसतं ना?"

"समदा दिसतं. पन तू काचा साफ हायेत बोल्लास ना. मंग जीपमधला का दिसत न्हाय, त्याच धरून बसलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा डोळा पिकत चालला होता, डॉक्टरांनी थांबू नका म्हणून बजावलं होतं. आणि वडिलांनी डॉक्टरपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. त्या दुपारी मी गाडी लावणाऱ्या ड्रायव्हरवर उगाच खेकसलो.

रविवारी धामणकर नाक्याहून गावी निघालो. वाटभर सबबी जुळवत होतो. उजेड कमी असेल, काचेवर धूळ बसली असेल. निर्लज्जपणाला अंत नव्हता. वडील ओटीवर एकटेच बसले होते. त्यांना बघून एकही सबब तोंडातून निघेना.

"बाबा, तुमचा डोळा चांगला आहे. काच माझ्या हातून खराब झाली, म्हणून मी ती काळी रंगवली. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी आतून जीप आणून माझ्या हातात दिली.

"काढ काच."

अंगठ्याने दाबली तशी ती कडकन तुटून निघाली. त्यांनी पुन्हा एक डोळा झाकला आणि आत बघितलं.

काळीपिवळीत पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक कोंबलेलं असतं. उजवीकडच्याला आपली अर्धी सीट देऊन वडील उरलेल्या अर्ध्यावर तिरके बसायचे. सगळा जन्म तसेच बसले. आमची घरं, शिक्षणं, माझे हे महागडे रंग, सगळं त्या अर्ध्या सीटवरून आलेलं.

"आता साफ दिसतं," ते म्हणाले. "दुसऱ्या डोल्याची तारीख घे."

तरी जीप खाली ठेवेनात.

"स्टेरिंग हाय," ते सावकाश म्हणाले. "शीट न्हाय. मी कुठं बसायचा रे?"